हिरूकाकीची देखरेख

हिरूकाकी बैठकीत खुर्चीवर कधी बसली नाही. सरकारी साहेबांनी फाइल उघडली की ती दारातूनच म्हणायची, "सायेब, खुर्चीवरून खड्डा नाय दिसत. चला, तिथं उभं राहून सांगा." मग बुटांना चिखल लागतो म्हणून कुरकुरत सगळे तिच्या मागोमाग खाडीच्या बांधावर निघायचे.

खड्डा म्हणजे गावाच्या वेशीवर बंद पडलेल्या रसायन कारखान्याने पुरलेला कचरा. पनवेलच्या आजूबाजूच्या शेतांवर इमारती चढल्या, हा तुकडा मात्र कोणी घेईना. शेवटी कोर्टाच्या हुकमाने सफाई सुरू झाली आणि तिच्यावर नजर ठेवायला गावकऱ्यांची समिती नेमली. मी समितीत होतो, कारण आमच्या घरातली पहिली डिग्री माझी, तीही केमिस्ट्रीची. हे मी आजही छाती काढून सांगतो. काकी होती, कारण त्या खाडीच्या चिखलात हात घालून निवट्या मासळी पकडण्यात तिचा जन्म गेला होता, आणि निवट्या मरायला लागल्या तेव्हा पहिली बोंब तिनेच मारली होती.

इंग्रजी अहवाल मी तिच्या ओटीवर बसून मराठीत सांगायचो. 'मान्य मर्यादेत' आलं की ती थांबवायची. "कोनाला मान्य? मला कोनी इचारलं?" मी मर्यादा म्हणजे काय ते समजवायचो. पटलं तर म्हणायची, "बरं सांगतोस रं. तुझ्या आयशीनं कोलंबी इकून शिकवलं, ते फुकट नाय गेलं." न पटलं तर सुपारी कातरत बसायची.

खड्ड्यावर माती पडली, गवत उगवलं. शेवटचं एक काम उरलं. शेजारच्या विहिरीचं पाणी गावाने स्वतः काढून तपासायला द्यायचं. समितीतले पाच जण हजर हवेत, नाहीतर कारखान्याच्या कंपनीचाच अहवाल कायम.

नेमकी त्या दिवशी गावात हळद. साहेबांना विहिरीवर थांबवून काकी आणि मी मांडवात गेलो. डीजेच्या आवाजात तिने समितीतल्या एकेकाला हाताला धरून विचारलं.

"अवो काकी, आज हलद हाय. केमिकल काय पलून जातंय?"

"वरातीला धा गाड्या भरता ना रं? मला तीन मानसं द्या."

लोक हसले. कोणीतरी तिच्याच गालाला हळद फासली. तशीच ती विहिरीवर परत आली.

"आमी दोघं हाव," ती साहेबांना म्हणाली. "बाकीचे उद्या येतील."

"काकी, उद्याची तारीख नाही," साहेब म्हणाले. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. नियम आम्हीच भांडून घेतला होता. गाडी गेली. काकी पदराने गाल पुसत राहिली, हळद निघाल्यावरही.

वर्षभरात तिथे प्लॉट पडले. तिचा सख्खा पुतण्या एक घेऊन पेढे द्यायला आला. काकीने पेढा खाल्ला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "घर बांध, बाबा. पन बोरिंग नको मारू." त्या उन्हाळ्यात ती गेली.

परवा त्याच प्लॉटवर बोरिंगची गाडी उभी दिसली. मी पुतण्याला काकीच्या बोलण्याची आठवण करून दिली.

"आठवतंय, दादा," तो म्हणाला. "पन टँकर किती दिवस मागवू? कंपनीच्या रिपोर्टात पानी चांगलं हाय. गावाच्या रिपोर्टात काय आलं होतं?"

गावाचा रिपोर्टच नव्हता. मी तसं सांगितलं. त्याने गाडीवाल्याला सुरू कर म्हणून हात केला.