वकिलांची लेक

आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात फिटरला सगळे वकील म्हणायचे. मशीन बंद पडलं, साहेब ओरडायला लागले, की हे मध्ये पडणार: "आधी त्याची बाजू ऐकून घ्या. महिनाभर तेल कुणी दिलंय त्याला?" एकतीस वर्षं त्यांनी ही वकिली केली. मी स्टोअरमध्ये सुटे भाग देणारा, त्यामुळे आमचा रोजचा संबंध. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ते आणि एकुलती लेक. ती शिकून आमच्याच ऑफिसात नियोजनाचं काम बघायला लागली होती.

त्या वर्षी औषधांची खोकी घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकानं निर्वाणीचं सांगितलं, आणखी एकदा उशीर झाला तर संबंध संपला. साहेबांनी देखभालीचं सॉफ्टवेअर आणलं आणि ते मार्गी लावायचं काम लेकीवर सोपवलं. म्हणाले, "बंद मशीनचे तास निम्मे कर, माल तारखेला जाऊ दे. बाकी मला काही कळत नाही."

तिनं सुरुवात वडिलांपासून केली. चार महिने दोघं मशीनमागून मशीन फिरत होती. कुठलं बेअरिंग किती दिवसांनी जातं, कुठला पट्टा उन्हाळ्यात सैल पडतो, ते सांगायचे आणि ती भरायची. "माझं डोकं ओत बाई तुझ्या त्या डबड्यात," ते ऐटीत म्हणायचे, "पण सांडू नकोस." प्रत्येक मशीनला नंबर मिळाला, प्रत्येक कामाला तारीख. काम झालं की ज्यानं केलं त्यानं मोबाइलवर नोंद करायची. सहा महिन्यांत बंद तास खरोखर निम्म्यावर आले. गिऱ्हाईक टिकलं.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती स्टोअरमध्ये आली. वकील माझ्याशेजारीच डबा उघडून बसले होते.

"काका, तीन नंबर कटिंगच्या ब्रेकचे लायनर यंदा किती वेळा दिलेत?"

मी रजिस्टर पाहिलं. एकदाही नाही. तिच्या हातातल्या कागदावर मात्र ते काम तीनदा झालेलं दिसत होतं, आणि तिन्ही वेळा नाव वडिलांचं.

"बाबा, तिथले लायनर कधी बदललेत?"

"कालच की. याच्याकडूनच नेले," त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "विचार."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. गेले काही महिने ते एकच पट्टा दिवसातून दोनदा मागायला यायचे. दुसऱ्यांदा नेलेला मी संध्याकाळी गुपचूप परत मांडणीवर ठेवायचो. वय झालं, म्हणायचो.

"दिले असतील," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि ती सरळ मशीनकडे गेली. मशीन बंद करवलं, लाल पाटी लावली, पातं थांबवणारा ब्रेक उघडायला लावला. लायनर झिजून लोखंड लोखंडाला घासत होतं. त्या मशीनवरची मावशी दिवसातून शंभरदा पात्याखालची कतरण हातानं काढायची.

साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. "नोंदीत नाव नको घालू. निवृत्ती दाखवू, मानानं जातील."

"आणि त्यांनी 'झालं' म्हणून लिहिलेली बाकीची कामं?" ती म्हणाली. "ती सगळी परत तपासायची तर कुणाची ते लिहायलाच हवं, साहेब."

सॉफ्टवेअरमध्ये कारण निवडायची यादी होती. भाग झिजला, चालकाची चूक, फिटरची चूक. आजार असं काही त्यात नव्हतं. यादी तिनंच केली होती. मी दारातून पाहत होतो, ती पडद्यावर ती यादी वर-खाली करत होती. मग तिनं तिसरं कारण निवडलं.

वकिलांची चौदा कामं तशीच निघाली. त्यांना घरी बसवलं. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान केलं, पण ते त्यांना पटलं नाही. "सगळं काढून घेतलंस आणि मग मला हाकललंस," एवढंच ते तिला म्हणाले. नंतर दोन वर्षं ती त्यांना भरवायची, अंघोळ घालायची, आणि ते भिंतीकडे तोंड करून बसायचे.

मी अधूनमधून भेटायला जायचो. शेवटचा गेलो तेव्हा ती त्यांच्या शर्टाची बटणं लावत होती. त्यांनी मला ओळखलं नाही, पण परक्या माणसाला सांगावं तसं तिच्याकडे बोट करून सांगितलं, "हीच ती ऑफिसातली बाई. हिनं माझं काम घालवलं. मला एक लेक आहे. ती तिथं असती ना, तर तिनं असं होऊ दिलं नसतं."

"नसतंच होऊ दिलं," ती म्हणाली आणि शेवटचं बटण लावलं.

मला सोडायला ती जिन्यापर्यंत आली. मी तिची माफी मागितली. त्या दुपारी मी खरं बोलायला हवं होतं, त्याच्याही आधी बोलायला हवं होतं, असं काहीबाही बोललो. तिनं ऐकून घेतलं.

"काका, मला वाटायचं, एक दिवस ते सगळं विसरतील आणि माझ्याशी बोलतील. त्यांच्या लक्षात तो रागच राहिलाय बघा. मीच गेले."

आतून त्यांनी हाक मारली, "अहो बाई, कुणी आहे का?"

"आले," म्हणत ती आत गेली.