पुलावरच्या पांढऱ्या रेघा

दिग्रसकडच्या लोखंडी पुलाचा तो गुन्हा माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. पण माझ्या पंचनाम्यात कोणत्याही वकिलाला खोट काढता आली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पूल इंग्रजांच्या काळातला. खाली दगडी खांब, वर तिरप्या लोखंडी पट्ट्यांच्या कैच्या. आधी त्याच्यावरून कापसाच्या बैलगाड्या जिनिंगला गेल्या, मग एसटी गेली. नवा पूल झाला तशी वाहनं बंद झाली. पण नवा पूल लांब पडे म्हणून पलीकडच्या तांड्यावरच्या बाया वेचणीला जुन्यावरूनच येत.

त्याच्या कठड्याचे चार अँगल चोरीला गेले. दुसऱ्याच दिवशी खबर आली. उरलेल्या नटांवर पांढऱ्या रंगाच्या रेघा आहेत, चोरांनी पुढच्या मालावर खूण करून ठेवली. तांड्यावरचा एक म्हातारा पाना आणि रंगाचा डबा घेऊन तिथं फिरतो. आम्ही त्याला पुलावरूनच उचललं. पिशवीत जुने नटबोल्ट निघाले. मला वाटलं, झालं काम.

ठाण्यात मी त्याला दहादा विचारलं, काहून खोलून राह्यला? तो दरवेळी सांगे, खोलत नाही, आवळतो. मी कायले ऐकतो! कोर्टात हजर करायचे कागद तयार होत आले. तेवढ्यात त्याची सून दारात येऊन उभी राहिली.

"बुढ्याले आत टाकाचं तर टाका, साहेब. मंग उद्या पुलावर नट पाहाले तुमी येता काय?"

ते मला झोंबलं. म्हटलं, याचं खोटं पुलावरच उघडं पाडतो. म्हाताऱ्याला घेऊन गेलो.

"मी बांधकाम खात्यात खलाशी होतो, पुलाचे नट आवळाचं काम," म्हातारा म्हणाला. "नट आवळला का रेघ ओढाची. अर्धी नटावर, अर्धी कठड्याच्या खांबावर. नट फिरला का रेघ तुटते. दुरूनच दिसते. पिशवीतले ते झिजलेले, बदललेले."

त्यानं पान्यानं एक नट जरासा फिरवला. रेघ तुटली. मी चोरीच्या जागी गेलो. तिथल्या खांबांवर अर्ध्याच रेघा होत्या. उरलेल्या अर्ध्या नटांबरोबर गेल्या होत्या.

मग दिग्रसची भंगाराची दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानात अर्ध्या रेघेचे नट सापडले, अँगलही सापडले. दुकानदारानं विकणारा टेम्पोवाला सांगितला. तो संध्याकाळपर्यंत कबूल झाला.

म्हाताऱ्याच्या सुटकेची नोंद मी स्टेशन डायरीत स्वतःच्या हातानं केली, तेव्हा मोकळा श्वास घेतला. एक सरळ माणूस माझ्या सहीनं आत जाणार होता.

घरी जा म्हटलं तर तो जाईना. अँगल कोर्टात जमा राहतील, तोवर कठड्याची जागा उघडी राहील, तिथं आडवी बांधायला तार द्या म्हणाला.

मी त्याला दहादा काहून विचारलं होतं, पण एकदाही उत्तर ऐकायला विचारलं नव्हतं. त्यानंतर चौकशीत समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत मी गप्प बसायला शिकलो. माफी मागणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन मी त्याच्या मागं पुलावर गेलो.