दहापैकी दोन : जळगाव-धुळ्याचे पाच दिवस

या ब्लॉगवर मी कोकणापासून कच्छपर्यंत बरंच काही लिहिलं. खानदेशाबद्दल मात्र एक ओळ नाही. वाचक अधूनमधून विचारतात, "जळगाव, धुळं कधी केलं नाहीत का?" मी उन्हाचं कारण पुढे करतो. खरं कारण ऊन नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे पाच दिवस राहिलो, पोटभर जेवलो आणि परत येऊन जे केलं, त्याची मला अजून लाज वाटते. यंदा ते एकदाचं लिहून टाकतो. वाटेत तुमच्या उपयोगाचंही काही सापडेल.

तेव्हा मी नाशिकला एका क्रीडा मासिकात बुद्धिबळाचं पान लिहायचो. वय अठ्ठावीस आणि डोक्यात हवा. आमच्या संपादकांनी गावोगावच्या खेळाडूंची गुणांकन यादी काढायचं ठरवलं होतं. जिंकल्याचे गुण, बरोबरीचे गुण, तगड्या माणसासमोर बसल्याचे गुण, आणि शेवटचा रकाना "निरीक्षकाचे गुण, दहापैकी". प्रत्यक्ष डाव बघून खेळाची प्रत ठरवायची, हा त्याचा उद्देश. निरीक्षक अर्थातच मी. खानदेशातल्या सांघिक स्पर्धेच्या आयोजकांना ही कल्पना इतकी आवडली, की त्यांनी नियमच केला : यादीत ज्याचे गुण चाळीसच्या खाली, त्याला पुढच्या वर्षी कोणत्याच संघातून बसता येणार नाही. हे ऐकून मला केवढा आनंद झाला होता. मला वाटलं, आता आपल्या लेखणीला वजन आलं.

जानेवारीत नाशिकरोडहून भुसावळ पॅसेंजर धरली. पॅसेंजर प्रत्येक स्टेशनावर थांबते म्हणून लोक नाकं मुरडतात, पण मनमाड सोडल्यावर दोन्ही बाजूंना बदलत जाणारी जमीन बघायची तर हीच गाडी बरी. चाळीसगावला भजी घ्या, पाचोऱ्याला केळी. जळगाव स्टेशनसमोर तेव्हा तीस-पस्तीस रुपयांत लॉजची खोली मिळायची, गरम पाण्याची बादली वेगळी मागावी लागायची. जेवायला शेवभाजी. रस्सा लालभडक दिसतो, त्यातला तेलाचा तवंग चमच्याने बाजूला सारायचा नाही, सारलात तर वाढणारा तुमच्याकडे दयेने बघतो.

स्पर्धेत सहा गावं, प्रत्येक संघात पाच पट, म्हणजे पाच खेळाडू. पहिल्या तीन फेऱ्या जळगावला, उरलेल्या दोन धुळ्याला, कारण यजमानपद दोघांपैकी कोणीच सोडायला तयार नव्हतं. जळगावातली जागा म्हणजे एका डाळमिलची रिकामी शेड. खाली सतरंज्या, वर टेबलं, आणि डाळीची पिवळी धूळ सगळीकडे. सकाळी पुसलेले पट दुपारी पुन्हा पिवळे व्हायचे. सगळ्या खेळाडूंची कोपरं हळद लागल्यासारखी दिसायची.

धुळ्याच्या पहिल्या पटावर नाना बसायचे. पंचावन्नच्या पुढचे, खादीचा सदरा, खिशाला दोन पेनं. धुळ्यात त्यांचं वह्या-पुस्तकं बांधायचं छोटं दुकान होतं. पहिल्या फेरीत ते भुसावळच्या कप्तानाशी हरले. दुसऱ्या फेरीत अमळनेरच्या कप्तानाशी, तिसऱ्या फेरीत चाळीसगावच्या. प्रत्येक डाव पाच तास चालला, शेड रिकामी व्हायची आणि हे दोघे उरायचे. मी माझ्या कागदावर तीन शून्यं लिहिली. बाहेर चहाच्या गाडीवर भुसावळचा एकजण म्हणाला, "धुळाना पहिला पट म्हंजे फुकटनी पंगत शे भो. जो बसस तो जेवीसन उठस."

सगळे हसले. मी जास्त हसलो आणि वाक्य वहीत उतरवून घेतलं. छापायला छान होतं. गंमत अशी की तिन्ही सामने धुळ्याने जिंकले होते, आणि हे कसं, असा प्रश्न निरीक्षक म्हणवणाऱ्या मला पडला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी धुळ्याच्या संघाबरोबरच एसटीने निघालो. एरंडोल, पारोळा करत अडीच-तीन तास लागतात. पारोळ्याला गाडी थांबते तेव्हा उतरून किल्ल्याकडे एक नजर टाकता येते. माझ्या शेजारी शकीलभाई बसले होते. सायकलींचं दुकान चालवणारे, धुळ्याच्या दुसऱ्या पटावरचे, तीनपैकी तीन जिंकलेले. मी त्यांना ते पंगतीचं वाक्य ऐकवलं. ते हसले नाहीत.

"भाऊ, तुम्ही नाशिकचे, तुम्हाला मी काय सांगू," ते म्हणाले. "प्रत्येक गावाचा सगळ्यात तगडा गडी पहिल्या पटावर असतो, आणि तोच कप्तान असतो. त्याच्यासमोर आम्ही नानांना देतो. मग आमच्यातल्या पहिल्याला, म्हणजे मला, त्यांचा दुसरा मिळतो, आमच्या दुसऱ्याला त्यांचा तिसरा. कळलं?"

"म्हणजे नाना सगळ्यांत कच्चे."

"कच्चा माणूस तासाभरात हरेल. मग कप्तान मोकळा. उठून बाकीचे डाव बघत फिरेल, आपल्या माणसांना सांगेल, तू बरोबरी घे, तू लढ. नाना त्याला पाच तास खुर्चीवरून हलू देत नाहीत. बारा वर्षं हेच चाललंय. त्यांच्या नावावर एक शून्य पडतं, आमच्या नावावर ढाल येते."

पुढच्या बाकावरून नाना मागे वळले. त्यांनी सगळं ऐकलं असावं. "लवकर हारानं नही, एवढंच माले जमस," असं म्हणून त्यांनी मला अर्धा पेरू दिला.

हे सगळं एवढ्या तपशिलात लिहिलं, कारण मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवू इच्छित नाही. मला सगळं कळलं होतं.

धुळ्यात जुन्या भागातल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. पत्ता विचारणाऱ्याला हे फार सोयीचं. सहा नंबरच्या गल्लीत नानांचं दुकान, वर दोन खोल्यांचं घर. त्या दिवशी फेरी नव्हती, म्हणून नाना मला जेवायलाच घेऊन गेले. त्यांच्या पत्नीने, त्यांना सगळे अक्का म्हणायचे, भरीत केलं होतं. वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजलेली, वर कांद्याची पात आणि कच्चं तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. मी तिसऱ्या भाकरीला नको म्हणालो तर अक्का म्हणाल्या, "लाजतस काय भाऊ? ल्या." मी घेतली. चौथीही घेतली.

जेवणानंतर नानांनी पट मांडला. खाली दुकानातली, शेजारची सात-आठ माणसं वर येऊन बसली. नाशिकचा साहेब खेळणार म्हणून. मी झोकात सुरुवात केली. विसाव्या चालीच्या सुमाराला लक्षात आलं, की माझ्या उंटाला जागाच उरलेली नाही. पंचविसाव्या चालीला माझा राजा कोपऱ्यात, आणि नानांचे दोन्ही हत्ती उघड्या रांगेत. आणखी चार चालींत मात होती. मला दिसत होती, बसलेल्या प्रत्येकाला दिसत होती. माझे कान तापले.

नानांनी हात पुढे केला, सोंगटी न उचलता मागे घेतला आणि म्हणाले, "राहू द्या भाऊ. च्या घ्या, गार व्हयी जाई."

त्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "साहेब वाचले." कोणी मोठ्याने हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. मला हरवणंसुद्धा या माणसाला गरजेचं वाटलं नाही, हे माझ्या डोक्यात बसलं. बशीतला चहा मी कसाबसा संपवला आणि डोकं दुखतंय सांगून लॉजवर गेलो.

दुसऱ्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या. सकाळी नंदुरबार, मग जेवणाची सुट्टी अर्धी करून जळगावशी शेवटचा सामना. जळगावचा पहिला पट अख्ख्या खानदेशात नावाजलेला होता. मी नानांच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलो. चौदाव्या चालीपासून नाना एका प्याद्याने मागे होते. त्या एका प्याद्याच्या जोरावर समोरच्याने काय काय केलं नसेल, आणि नानांनी दर वेळी एकच चाल अशी शोधली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पलीकडे जळगावचा चौथा पट उगाच बरोबरी घेऊन बसला, पाचवा घाई करून हरला. कप्तानाला मान वर करायला फुरसत नव्हती. पाच तासांनी नानांनी राजा आडवा केला, समोरच्याशी हात मिळवला आणि पाणी मागितलं. धुळे तीन-दोन. ढाल शकीलभाईंनी उचलली, नाना खुर्च्या घड्या करून भिंतीला लावत होते. इतका चांगला हरलेला डाव मी पुन्हा पाहिला नाही.

धुळ्याहून नाशिकला परत यायला मालेगावमार्गे एसटी. चार तास धरून चाला, मालेगावात पाऊण तास जास्तीचा. रस्ताभर मी आकडेमोड केली. नानांचे पाच डाव, पाच शून्यं. पण पाचही डाव तगड्या माणसांशी, त्याचे मिळून चौतीस गुण होत होते. चाळीसला सहा कमी. आता सगळं शेवटच्या रकान्यावर होतं.

घरी येऊन आंघोळ केली, टेबलाशी बसलो आणि त्या रकान्यात दोन लिहिले.

वाईट वगैरे काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. शकीलभाईंना आठ दिले, जळगावच्या कप्तानाला नऊ. संपादकांनी कागद बघून विचारलं, "हा धुळ्याचा माणूस एकदम दोन? पाच-पाच तास खेळलाय म्हणतोस."

"मी डाव बघितलेत," मी म्हणालो. तेवढंच खरं होतं. यादीखाली चौकट दिली, मथळा "फुकटची पंगत". खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ना, त्याच्या बरोबर उलटं.

अंक निघाल्यावर पंधरा दिवसांनी धुळ्याहून एक पाकीट आलं. आत हाताने बांधलेली जाड वही, पाठीवर निळं कापड. पहिल्या पानावर आमचा त्या दुपारचा डाव, पहिल्या चालीपासून, वळणदार अक्षरात. सोबत चिठ्ठी :

"स. न. वि. वि. यादी पाहिली. हिशेब बरोबर आहे, पाच हरलो ते हरलोच. आपण आमच्याकडे खेळलात तो डाव आपण लिहून घेतला नव्हता, म्हणून पाठवत आहे. पाहुण्याला आमच्याकडे हरवत नाहीत, डाव अर्ध्यावर थांबवतात. आपल्याला तेव्हा वाईट वाटलंसं दिसलं. तसं असल्यास माफी असावी. वहीची पानं कोरी आहेत, आपल्या कामाला येतील. अक्का आठवण काढते."

डावाच्या खाली, निकालाच्या जागी, त्यांनी लिहिलं होतं : बरोबरी.

मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि वही कपाटात कपड्यांखाली ठेवली. उत्तर लिहिलं नाही. पुढच्या जानेवारीत स्पर्धेला जायची पाळी आली तेव्हा ताप आल्याचं सांगितलं. दुसरा माणूस जाऊन आला. तो म्हणाला, धुळे पाचवं आलं, शकीलभाई पहिल्या पटावर बसले आणि सगळ्या कप्तानांशी हरले. नाना रोज यायचे, पण पट मांडून, घड्याळांना चावी देऊन दारापाशी उभे राहायचे. नियमाप्रमाणे त्यांना बसता येत नव्हतं.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि तेच सगळ्यांत वाईट. आमच्या मासिकात दर महिन्याला मागच्या अंकातल्या चुका दुरुस्त करणारी चौकट असायची. ती मीच लिहायचो. कोणाचं आडनाव चुकलं, कोणाचा घोडा चुकीच्या घरात छापला गेला, सगळं मी मोठ्या काटेकोरपणे दुरुस्त केलं. दोनाचे आठ करायला एक ओळ पुरली असती. मासिक बंद पडेपर्यंत सात वर्षं ती ओळ मी लिहिली नाही. सुरुवातीला अपमान झाल्यासारखं वाटायचं म्हणून, आणि नंतर लाज वाटायची म्हणून.

वही माझ्यापाशी आहे. पहिल्या पानापलीकडे ती कोरीच राहिली. इंदूरला जाताना गाडी धुळ्यावरूनच जाते, तेव्हा मी खिडकीचा पडदा ओढून घेतो. नाना आता असतील की नाही, मला माहीत नाही. चौकशी करायचा धीर झालेला नाही.

तुम्ही मात्र जा. डिसेंबर-जानेवारीत जा, भरिताची वांगी तेव्हाच मिळतात. जळगावहून सकाळची एसटी घ्या, पारोळ्याला पाय मोकळे करा. धुळ्यात जुन्या गल्ल्यांमधून पायी फिरा, नंबर लागोपाठ आहेत, चुकणार नाहीत. सहा नंबरच्या गल्लीत कोणाकडे पट मांडलेला दिसला तर बसा, ते नाही म्हणणार नाहीत. माझं नाव तेवढं सांगू नका. आणि तुमचा राजा अगदी कोपऱ्यात सापडला असताना समोरच्याने सोंगट्या डब्यात भरायला घेतल्या, तर मनाला लावून घेऊ नका. चहा घ्या.