मुदत कोणी वाढवायची?

"समितीने उशीर केला, यात बाईंची चूक नाही," जजसाहेब म्हणाले. "पण मुदत वाढवायचा अधिकार कायद्याने मला दिलेला नाही. पिटिशन डिसमिस्ड."

माझी क्लायंट शीलाताई, कन्हानजवळच्या एका गावची सरपंच. राखीव जागेवर निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत जातपडताळणीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. आम्ही त्याला व्हॅलिडिटी म्हणतो. मुदत हुकली की पद आपोआप जातं. शीलाताईंनी अर्ज वेळेत केला होता. समितीने प्रमाणपत्र दिलं ते मुदत उलटल्यावर.

कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला थांबवलं. "साहेब मले बरोबर म्हणून राहिले, अन् हरवून बी राहिले. काहून, मॅडम?"

"कायदा बदलणं त्यांचं काम नाही, ताई. ते विधानसभेचं."

"मंग तिथंच जाऊ ना! अधिवेशन तं नागपुरातच चालू हाय."

त्यांच्या भागातल्या आमदाराचं पॅनल शीलाताईंनीच पाडलं होतं. तरी आम्ही गेलो. मला अवघडल्यासारखं झालं होतं, त्यांना नाही.

"तुमी तं माह्या पॅनलले पाडलं," आमदार म्हणाले.

"हो भाऊ, पुढच्या बारीले बी पाडीन. पण तुमचे दोन मेंबर बी याच मुदतीत अडकून हायेत."

आमदार हसले. मग मला म्हणाले, "कोर्टाचा निकाल रद्द, असं लिहून आणू का?"

"नको. निकाल रद्द करणं सभागृहाच्या हातात नाही. मुदत वाढवा, आणि ती मागच्या तारखेपासून लागू करा."

अशी तक्रार बऱ्याच आमदारांकडे आली होती. दुरुस्ती मंजूर झाली. गावात पोटनिवडणूक अजून लागली नव्हती. मी रिव्ह्यू टाकला, म्हणजे त्याच कोर्टाला निकाल पुन्हा तपासायची विनंती.

शीलाताईंचं पद गेल्यापासून सरपंचाचा कारभार पाहणाऱ्या उपसरपंचाचे वकील तावातावाने म्हणाले, "माय लॉर्ड, सभागृहाने आपला निकाल फिरवलाय!"

"माझा निकाल चुकला असं ते म्हणालेले नाहीत," जजसाहेब शांतपणे म्हणाले. "मी वाचला तो कायदा त्यांनी बदलला. आता हा वाचतो."

शीलाताईंना पद परत मिळालं. कोर्टातच त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच ग्रामसेवकाला फोन केला. पाण्याच्या टाकीचं काम रखडलं होतं.

तेव्हापासून केस हरलेल्या क्लायंटला मी सरळ सांगते: निकाल चुकला असेल तर अपील करू, कायदाच चुकला असेल तर आमदार गाठा. ताटकळावं दोन्हीकडे लागतं.