अक्षताच्या विमानाच्या मोटरी

मोटरीवर हात ठेवून मी "चालव" म्हणल्याशिवाय आमच्या दुकानात कुणी बटन दाबायचं न्हाई. हा कायदा माझा, साहेबराव मोटरवाल्याचा. जुन्या जालन्यात चाळीस वर्षं जळालेल्या मोटरीत नवी तार भरली मी. चार वर्षांमागं लकवा मारला, उजवं अंग गेलं, कायदा मात्र राह्यला. आता माझी पोरगी अक्षता मोटरी भरती आन् एकेक दुकानातल्या माझ्या खाटेपाशी आणती. मी डावा हात ठेवतो, वेढे चाचपतो, मंग म्हणतो. नवीन गिऱ्हाईक हसतं. हसू द्या, त्यांच्या बापाचं काय जातं!

अक्षता सव्वीसची. आयटीआय केलेली. तारेचे वेढे मोजताना माझे ओठ अजून हलतात, तिचे हलत न्हाईत. मी पडलो त्या आठवड्यात ती पुण्याला नोकरीसाठी निघाली होती, बॅग भरून दारात ठेवली होती. तिनं बॅग रिकामी केली आन् शटर उघडलं. आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. तिची आई असती तर तिनं माझी खरडपट्टी काढली असती, पण ती तर कवाच गेली.

औंदा तिनं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत काउंटरवर लाकूड कापायला सुरुवात केली. बाल्सा म्हणून लाकूड असतं. हातात घेतलं तर काही घेतलंय असं वाटतच न्हाई.

"पतंग करून राह्यली का गं?" मी म्हणलो.

"विमान आहे, अप्पा. दोन मोटरींचं."

पुण्याच्या एका ड्रोनच्या कंपनीनं कळवलं होतं, स्वतः केलेलं दोन मोटरींचं विमान आमच्यापुढं पाच मिनिटं उडवा, नोकरी पक्की. माझी धाकटी बहीण कौसल्या नवीन जालन्यात राहती. ती येऊन म्हणली, "दादा, तुला मी नेते माझ्या घरी. पोरीला जाऊ दे आता." सगळं ठरलं. राह्यल्या फक्त मोटरी.

तिनं दोन जोड्या मागवल्या. एक सुपारीएवढी, एक लिंबाएवढी. तीन दिवस वजनकाटा घेऊन बसली आन् मंग मला समजावून सांगितलं. विमान भरून किलोभराचं, त्याला लहान जोडी बस होती. मोठी करंट जास्त खाती, तिला बॅटरी मोठी लागती, आन् ते सगळं वजन नाजूक पंखावर येतं.

मी शेतकऱ्यांना आयुष्यभर जे सांगितलं तेच तिला सांगितलं. "पाच हॉर्सपॉवरच्या बोअरला साडेसातची मोटर टाकावी. व्होल्टेज पडलं की लहान मोटर जळती."

"अप्पा, हवेत कुठं बोअर आहे?"

"तू मला शिकवती का?"

तिनं वजनकाटा बाजूला सारला. पंख माझ्या मांडीवर ठेवला आन् दोन्ही जोड्या पुढं केल्या.

आता खरं सांगतो. पंखावर अंगठा दाबला तशी आतली काडी वाकली. लहान जोडीच बराबर, हे माझ्या हाताला पक्कं कळलं. चाळीस वर्षांचा हात आहे हा! पण डोळ्यापुढं कौसल्याचं घर आलं. तिथं मला कोण मोटर आणून दाखवणार होतं? दिवसभर भिंतीकडं बघत पडायचं. मला भ्या वाटलं. मी मोठ्या जोडीवर हात ठेवला आन् म्हणलो, "चालव."

विहारामागच्या मैदानात तिनं ते उडवून पाह्यलं. मला खुर्चीवर बसवून नेलं होतं. वारा नव्हता. विमान सरळ गेलं, मोठा फेरा घेऊन सावकाश उतरलं. मी मांडीवर हात आपटून वाहवा केली. लाज वाटायला पाहिजे होती मला.

पुण्यात वारा होता. दुसऱ्याच वळणाला डावा पंख मोटरीपाशी मोडला. कंपनीवाल्यांनी तिला चहा पाजला आन् वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी ती स्टेशनावरून रिक्षानं आली, मोडकं विमान खोक्यात घालून. खोकं माळ्यावर टाकलं, हात धुतले, शटर उघडलं.

चौथ्या दिवशी मी विचारलं, "अक्षू, लहान जोडी लावली असती तर?"

"उडालं असतं."

"तुला ठाऊक होतं?"

"वजन करून पाह्यलं होतं ना, अप्पा."

"मंग मोठ्या कशाला बसवल्या, बये?"

ती तारेचं बंडल सोडवत होती. मान वर केली न्हाई. "तुमी हात ठेवला होता."

मला शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. सांगून टाकावं वाटलं, की पोरी, तुझा बाप खोटं बोलला, जाणूनबुजून बोलला. लकव्यातून माझी जीभ वाचली होती, तरी ती हलेना.

तेवढ्यात एमआयडीसीतला माणूस पंपाची मोटर न्यायला आला. अक्षतानं ती खाटेपाशी आणली, माझा डावा हात उचलून तिच्यावर ठेवला आन् बटनाशी जाऊन उभी राह्यली.

"अप्पा, गिऱ्हाईक थांबलंय. म्हणा ना."

मी म्हणलो, "चालव."