पंचवीसचा डोळा

सत्त्याऐंशी साल. आदिलाबादले महिनाभराचं ट्रेनिंग उरकून शकुबाई मास्तरीण बेल्याजवळच्या आपल्या शाळेत परतली, तं कपाटातली दुर्बीण टेबलावर सुतळीनं बांधून ठेवलेली. वर कागद डकवलेला, त्याच्यावर एकच शब्द : नाकारा, म्हनजे निकामी. खाली सही. उद्या शिक्षण ऑफिसची जीप येऊन दुर्बीण परत नेनार होती.

तिचं टाळकंच सरकलं. दुसऱ्याच्या वावरात कापूस येचनाऱ्या बाईची ही लेक. या दुर्बिणीसाठी तिनं दोन वर्षं अर्ज खरडले होते.

"नाकारा कोनं लिवलं?"

"म्या," हेडमास्तर केशवराव म्हनाले. "काईच दिसत नाई, बाई. नुसतं पांढरं अन् थरथर. साऱ्या पोराइनं पाह्यलं."

"कोनता डोळा लावला होता?"

डोळा म्हनजे मागचं बारकं भिंग, ज्याले आपन डोळा लावतो. पुस्तकात त्याले नेत्रिका म्हनतात. डब्यात दोन होते. एकावर चार मिलिमीटर कोरलेलं, दुसऱ्यावर पंचवीस.

"चारचा. शिकाऊ पोरं, त्याइले लहान नंबर. पंचवीसचा तपासनीले येनाऱ्या साहेबासाठी घरी जपून ठेवला." केशवरावाच्या घरी पिढीजात कापसाची अडत. "कापसाचं नाई का? धागा जितके मिलिमीटर लांब, तितका माल उंची."

"दुर्बीण काय जिनिंगमधून आली का, सर? इथं उलटं हाय! नळीवर नऊशे मिलिमीटर लिवलं हाय. नऊशेले पंचवीसनं भागा, छत्तीस पट मोठं दिसते. चारनं भागा, सव्वादोनशे! नवशिक्याइले तुमी सगळ्यात अवघड डोळा देल्ला. येवढ्याशा नळीतून तेवढ्या पटीले उजेड पुरत नाई. चंद्र फुगते, धुरकट होते, जरासा धक्का लागला का पळून जाते. आंधी पंचवीसनं हुडका, मंग दुसरं."

"आवाज खाली घ्या, बाई."

"महिनाभर ट्रेनिंगमधी खालीच होता."

शिपाई दौलत हेडमास्तराच्या घरी गेला अन् देव्हाऱ्याच्या फडताळातून पंचवीसचा डोळा घेऊन आला. दिवस बुडता बुडता शकुबाईनं शाळेच्या अंगनात तिपाई रोवली. वर सहाव्या दिवसाचा चंद्र. आंधी दौलत वाकला.

"आवं माय! अख्खा मावला, बाई. खड्डे दिसून राह्यले, आपल्या रोडावानी!"

मंग केशवराव वाकले. लय वेळ वाकूनच राह्यले. उठले, खिशातून पेन काढला, 'नाकारा' वर आडवी रेघ मारली अन् बाजूले सही केली.

"झालं? दुर्बीण आता इथंच राह्यते. आतातरी हासा, बाई."

"हासू? साठ पोरं पांढरं पाहून घरी गेले. आपलेच डोळे खराब, असं समजून गेले. तो महिना खोडा आंधी!"

शकुबाईनं पंचवीसचा डोळा पदराच्या गाठीत बांधला अन् कपाटाच्या चावीसाठी केशवरावापुढं हात केला.