कालेब मास्तरांच्या नावाचा अर्थ

दौंडला आमच्या शेजारी कालेब मास्तर राहायचे. नवा माणूस भेटला की चहाच्या आधी ते त्याला त्याच्या नावाचा अर्थ सांगत. बायबलातल्या हिब्रू नावांवर तर त्यांचा भारी जीव. बायकोचं नाव राहेल, म्हणजे मेंढी; मुलगी दबोरा, म्हणजे मधमाशी. हे ते पाहुण्यांना सांगत, तेही राहेलकाकू पोहे घेऊन बाहेर येत असताना. स्वतःच्या नावाचा अर्थ विचारला की मात्र "इमानी" एवढं म्हणून विषय बदलत.

माझ्या भावाला मुलगी झाली. जोशींनी 'या' अक्षर काढून दिलं. कुरकुंभला कंपनीत शिफ्ट करता करता भावाला मोबाईलवर 'याएल' सापडलं. अर्थ लिहिला होता 'दैवी शक्ती'. वहिनी त्या नावावर अशी भाळली की आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुचवलेली यमुना मागेच पडली.

बारसं आमच्या गावी, वडगाव रासाईला. मास्तरांना मीच हौसेनं नेलं. आत्या म्हणून कानात नाव सांगायला मी पाळण्यावर वाकले, तेवढ्यात आबांनी भर मांडवात त्यांना अर्थ विचारला. मास्तरांचा चेहरा पडला. दुसऱ्याच्या नावाबाबत त्यांना खोटं बोलता येत नसे.

"याएल म्हंजी रानशेळी," ते म्हणाले.

मांडव हसला. मागून कुणीतरी 'बेंऽऽ' केलं. आबांनी यमुनाच ठेवा म्हणून फर्मावलं. वहिनी पदरात तोंड लपवून रडू लागली. मास्तरांचा मला असा राग आला की सांगायची सोय नाही.

मास्तर उठले. "आबा, माझ्या नावाचा अर्थ कुत्रा. पोरं वर्गात भुंकतील म्हनून जल्मभर इमानी सांगत आलो. पन माझ्यापायी या लेकराचं नाव जाऊ नये. रानशेळी कड्यावर ऱ्हाती, तिथं वाघ बी पोचत न्हाई."

आबांनी पाळण्याची दोरी हातात घेतली. मग म्हणाले, "कुत्रं राखणीला हाय म्हणल्यावर शेळीला कशाचं भ्या? सांग गं कानात."

त्यानंतर दर वाढदिवसाला मास्तर वडगावला हजर असत.

मास्तर जाऊन वर्ष झालं. परवा याएलला घेऊन मी त्यांच्या कबरीवर गेले. ती आता पहिलीत आहे. दगडावरचं नाव तिनं अक्षरं जुळवत वाचलं. शेजारच्या कबरीवर फुलं वाहणाऱ्या बाईंनी सहज अर्थ विचारला. मी सवयीनं "इमानी" म्हणाले.

"न्हाई आत्या," याएल म्हणाली, "कुत्रा. माझ्या राखणीचा."